ऐक, पावशा बोलतोय!

मे संपत आला की पहाटे एक पक्षी जीव तोडून ओरडायला लागतो. त्याच्या आवाजात कुणाला देव ऐकू येतो, कुणाला प्रियकर, कुणाला चक्क ताप! तुम्हाला काय ऐकू येतं?

एक छोटंसं काम सांगते. हे वाचून होईपर्यंत कानातले इअरबड्स काढून बाजूला ठेवा. काढले? आता काय काय ऐकू येतंय ते मोजा. पंखा. खालच्या रस्त्यावरची रिक्षा. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. शेजारच्यांची सिरियल. आणि या सगळ्याच्या मागे, जरा थांबलात तर, एखादा पक्षी. मुंबईत असाल तर कावळा नाहीतर कबुतर, पुण्या-नाशकात असाल तर बुलबुल किंवा कोकीळ, आणि गावी असाल तर विचारायलाच नको. तो मघापासून बोलतच होता. आपलं लक्ष नव्हतं, इतकंच.

आता दुसरा प्रश्न. लहानपणी ऐकलेला कुठल्या पक्ष्याचा आवाज तुमच्या लक्षात आहे?

हा प्रश्न मी गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. वाटलं होतं, दोन-चार इमोजी येतील आणि विषय संपेल. पण रात्री बारापर्यंत मेसेज येत होते. मालवणकडच्या मित्राने लिहिलं, भारद्वाज. परीक्षेच्या दिवशी भारद्वाज दिसला की पेपर सोपा जाणार, अशी त्याच्या घरी ठाम समजूत. एखाद्या दिवशी तो दिसायचा नाही, तेव्हा आजोबा म्हणायचे, "मागच्या बागेत 'हूप हूप' ऐकू आलं ना? मग झालं तर!" अमरावतीच्या मैत्रिणीने टिटवी सांगितली. रात्री टिटवी ओरडली की तिची आजी घाईघाईने "राम राम म्हण गं" म्हणायची आणि हिचं डोकं कुशीत ओढून घ्यायची. घाटकोपरच्या चाळीत वाढलेली एक जण म्हणाली, कबुतर. सगळे हसले. मग तिने लिहिलं, "आई नाइट ड्युटी करून सकाळी घरी यायची, तेव्हा खिडकीत कबुतरं घुमत असायची. अजूनही तो आवाज ऐकला की आता दार वाजणार, असं वाटतं." त्यानंतर बराच वेळ कुणी काही टाकलं नाही.

गंमत बघा. मी विचारलं होतं पक्ष्याबद्दल. प्रत्येकाने सांगितलं माणसाबद्दल.

शेवटी एकाने विचारलं, "हे जे वाटतं ना, त्याला काय म्हणायचं? नॉस्टॅल्जिया?" त्यावर घाटकोपरवाली म्हणाली, "नॉस्टॅल्जिया जुन्या जाहिराती बघूनपण वाटतो. हे वेगळं आहे." वेगळं म्हणजे काय, ते तिला सांगता येईना. मलाही आलं नसतं. पण माझ्या आजीकडे त्यासाठी एक सोपा शब्द होता. देव.

आजीचा देव

माझं आजोळ पाटण तालुक्यात. कोयनेचं खोरं, भाताची खाचरं, घरामागे आंबा-फणस. आजीचे गुडघे गेलेले, त्यामुळे देवळात जाणं जवळजवळ बंद. पोथी वाचायची नाही, उपासही डॉक्टरांनी सोडायला लावलेले. पण मे महिन्याच्या शेवटी, आभाळ जरा जड झालं की मागच्या झाडीतून एक आवाज यायचा. तीन सुरांची हाक. प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी वर, आणखी वर, इतकी वर की आता याचा गळा फाटणार असं वाटावं, आणि मग एकदम शांत. आजी भाकरी थापत असायची. तिचा हात परातीवर तसाच थांबायचा. "ऐक," ती म्हणायची. "देव सांगतोय. पेरते व्हा."

बस, एवढंच. पुढे प्रवचन नाही, गोष्ट नाही. हाक संपली की पुन्हा भाकरी थापणं सुरू. तव्यावरची भाकरी कधी कधी करपायची, पण 'ऐक' चुकायचं नाही.

तो पक्षी म्हणजे पावशा. कबुतराएवढा, राखाडी, दिसायला हुबेहूब शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा. स्वतःचं घरटं बांधत नाही. मादी सातभाईच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. पावसाळ्याच्या तोंडावर नर दिवसाच काय, चांदण्या रात्रीसुद्धा ओरडत राहतो. मराठी शेतकऱ्याला त्यात ऐकू आलं 'पेरते व्हा'. हाच पक्षी हिंदीत पपीहा, आणि तो विचारतो 'पी कहाँ', म्हणजे माझा प्रियकर कुठे आहे? आणि इथल्या उकाड्याने हैराण झालेल्या इंग्रजांना त्याच हाकेत 'ब्रेन फीवर' ऐकू आलं. इंग्रजीत त्याचं टोपणनाव आजही ब्रेन फीवर बर्ड आहे.

म्हणजे सूर तेच. कामाची घाई असलेल्याला काम ऐकू आलं, विरहात असलेल्याला विरह, आणि घामाने निथळणाऱ्याला ताप. मग तुम्ही म्हणाल, आजीला देव ऐकू आला तो तिच्या मनातलाच की! झाडावर नुसता पक्षी होता.

पण तो तर मादीला बोलावतोय!

आमच्या ग्रुपमध्ये एक बी. एस्सी. झालेला प्राणी आहे. त्याने लगेच लिहिलं, "तो नर आहे. मादीला बोलावतोय आणि दुसऱ्या नरांना सांगतोय, ही माझी हद्द. हार्मोन्स, बाकी काही नाही."

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कोकिळेचंही तेच. कवितांमध्ये 'कोकिळा' गाते, प्रत्यक्षात 'कुहू' करणारा काळाभोर नर असतो; ठिपकेवाल्या मादीचा आवाज 'किक किक' असा कर्कश असतो. पहाटेच सगळे का गातात, त्याचीही कारणं आहेत. उजेड कमी असतो, त्यामुळे खाणं शोधणं अवघड. हवा शांत, त्यामुळे आवाज लांब जातो. आणि हा आवाज निघतो कुठून? आपल्यासारखा गळ्यातून नाही. श्वासनळी जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते, तिथे पक्ष्यांचं स्वरयंत्र असतं. अनेक गाणारे पक्षी त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवू शकतात. एकाच वेळी दोन सूर, एकाच गाणाऱ्याचे!

मला हे सगळं वाचताना आजीचा देव कमी झाल्यासारखं वाटलं नाही. उलट एक गोष्ट अशी सापडली की मी वाचता वाचता थांबले.

दयाळ, बुलबुल, चिमणी हे 'गाणारे पक्षी' जन्मतः आपलं पूर्ण गाणं घेऊन येत नाहीत. त्यांना ते शिकावं लागतं. १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याची पिल्लं मोठ्यांच्या आवाजापासून दूर वाढवली. मोठी झाल्यावर ती गायली, पण वेडंवाकडं, अर्धंमुर्धं. पुढे पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोवर काम केलं. या पिल्लांचे कान शिकण्यासाठी उघडे असतात ते साधारण वयाच्या दहाव्या ते पन्नासाव्या दिवसापर्यंत. त्या दिवसांत पिल्लू नुसतं ऐकतं. गात नाही. काही महिन्यांनी ते बडबडायला लागतं, चुकतं, पुन्हा करतं, आणि हळूहळू लहानपणी ऐकलेल्या त्या गाण्याला जाऊन मिळतं.

म्हणजे बघा, तुमच्या खिडकीबाहेर जो दयाळ शीळ घालतोय, त्याच्या गाण्यातही त्याचं बालपण आहे. कुणीतरी त्याच्या लहानपणी गायलं होतं, म्हणून आज तो गातोय.

आणि कुणी गायलंच नाही तर? ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा पक्षी आता काही शेकडाच उरला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की काही तरुण नरांना शिकवायला जवळपास मोठा नरच सापडत नाही, म्हणून ते दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी गातात. अशा नरांना जोडीदार मिळणंही अवघड जातं. तिथे आता पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना त्यांच्याच जातीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग ऐकवून गाणं शिकवायचे प्रयत्न चालू आहेत.

पावशा आणि कोकीळ मात्र याला अपवाद. सातभाईच्या घरट्यात वाढणाऱ्या पावशाच्या पिल्लाला आजूबाजूला सातभाईचा कलकलाट ऐकू येतो. शिकवायला बाप जवळ नाही. तरी मोठा झाल्यावर तो बरोबर 'पेरते व्हा'च म्हणतो. ते त्याच्या आतच असतं.

आपण यातले कोण? मला वाटतं, थोडे थोडे दोन्ही. भारावून जाणं आपल्या आत असतंच. पण कशापाशी थांबायचं, हे कुणीतरी लहानपणी सांगावं लागतं.

कान कसे असावेत

हे आजीच्याही आधीपासून कुणाकुणाला ठाऊक होतं. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानेश्वर श्रोत्यांना कसं ऐकायचं ते सांगतात. त्यासाठी ते उदाहरण घेतात चकोराच्या पिल्लांचं. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण ही पिल्लं जशी हळुवार टिपतात, तसं मन हलकं करून ऐका, असं त्यांचं सांगणं. गुरूचं नाही, पंडिताचं नाही, पिल्लाचं उदाहरण! फक्त पावसाचंच पाणी पिणारा चातक भक्तीचा दाखला म्हणून आपल्याकडे शतकानुशतकं वापरला गेला. आणि ज्ञानेश्वरांच्या एका विराणीत तर ओरडणारा साधा कावळा विठ्ठल येणार असल्याचा शकुन सांगतो. मोर नाही, राजहंस नाही. कावळा.

तिकडे फ्रान्समध्ये ऑलिव्हिए मेसियाँ नावाचा संगीतकार होऊन गेला. पॅरिसच्या एका चर्चमध्ये तो आयुष्यभर ऑर्गन वाजवायचा, आणि रानात जाऊन पक्ष्यांची गाणी ऐकून स्वरलिपीत उतरवायचा. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत होता. तिथे रचलेली त्याची चौकडी १५ जानेवारी १९४१ ला कैद्यांनीच कैद्यांसमोर वाजवली. त्यातला एक भाग फक्त क्लॅरिनेटसाठी आहे, आणि तो पक्ष्यांवर आहे. बाहेर कडाक्याची थंडी, भोवती तारा, आणि त्याला आठवले ते पक्षी.

आपल्या मारुती चितमपल्लींचंच घ्या. वनखात्यात नोकरी केली, रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं आणि गोष्टी गोळा केल्या, 'पक्षिकोश' केला. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चकवाचांदण', आणि त्याला जोडलेले शब्द आहेत 'एक वनोपनिषद'. वनअधिकाऱ्याला आपल्या नोकरीची गोष्ट सांगताना उपनिषद हा शब्द सुचतो, यावर जरा विचार करा. १८ जून २०२५ ला ते गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

पहाटे चार वाजता

आजी दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. बराच वेळ कावळा येईना. मग नेहमीचं सुरू झालं. तिची काय इच्छा राहिली असेल? कुणी म्हणालं नातीचं लग्न, कुणी म्हणालं घराची कौलं. मामा आणि मावशी यांच्यात हळू आवाजात वाद सुरू झाला. तो चालू असतानाच कावळा आला, शिवला आणि उडून गेला. नक्की कोणत्या वाक्याला आला, ते कुणालाच सांगता आलं नाही. मला ते आवडलं. आजीचा स्वभाव तसाच होता.

रडू मात्र तेव्हा आलं नाही. ते आलं मे महिन्यात, पुण्यात, हॉस्टेलवर. परीक्षा चालू होती. पहाटे चारला टेकडीच्या बाजूने आवाज आला. तीन सूर. वर, आणखी वर. माझ्या हातातलं पेन थांबलं. आणि 'ऐक' म्हणणारं कुणी नव्हतं. समोरच्या कॉटवर माझी रूममेट जागी होती. लातूरकडची, घरी चार एकर सोयाबीन. मीच तिला म्हणाले, "ऐक."

ती म्हणाली, "हा होय? हा तर आमच्या शेतात ओरडतो. आबा म्हणायचे, पेरते व्हा."

दोघी गप्प बसलो. मग तीच बोलायला लागली. त्याच्या आदल्या वर्षी तिच्या घरी दुबार पेरणी करावी लागली होती. पहिला पाऊस बरा झाला, पेरलं, आणि मग तीन आठवडे थेंब नाही. बियाणं मातीत गेलं. पुन्हा उसनवारी, पुन्हा पेरणी. तिच्या कॉलेजची फी त्या वर्षी दोन हप्त्यांनी उशिरा भरली गेली. "आता पावशा ओरडला म्हणून कुणी पेरत नाही गं," ती म्हणाली. "कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बाबा मोबाइलवर अंदाज बघतात. तरी व्हायचं ते होतंच."

मी विचारलं, "मग याचा राग नाही येत? हा उगाच सांगत बसतो, पेरा पेरा."

तिने थोडा विचार केला. "नाही. मागच्या वर्षी सगळं गेल्यावरपण हा ओरडत होता. बाबा बांधावर बसलेले. ते म्हणाले, बघ, हा अजून सांगतोय. आणि उठले."

बाहेर हाक पुन्हा सुरू झाली होती. त्या दहा मिनिटांना काय म्हणायचं, यावर मी तेव्हापासून विचार करतेय. मी रोज पूजा करणारी मुलगी नाही. संकष्टीला मोदक मिळतात म्हणून संकष्टी आवडते, इतकाच माझा धर्म. पण त्या पहाटे लातूरचे बांधावर बसलेले बाबा, परातीवर हात थांबलेली माझी आजी आणि आम्ही दोघी एका आवाजाने एकाच ठिकाणी आलो होतो. आणि तो आवाज करणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो मादीला बोलावत होता. बी. एस्सी.वाला बरोबर, आणि आजीही बरोबर. आजीने देव झाडावर दाखवला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तिने हातातलं काम थांबवायला शिकवलं होतं. देव त्या थांबण्यात होता.

आता तुमची पाळी

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय? आपण शाळेत होतो, ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद करून बसायचो. तेव्हा सगळे म्हणत होते, पक्षी किती वाढलेत! वाढले नव्हते. आपला गोंगाट थांबला होता. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्याच व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोचा तेव्हा अभ्यास झाला. रस्ते शांत झाल्यावर हे पक्षी हळू आवाजात गायला लागले, तरी त्यांचं गाणं आधीपेक्षा लांबवर ऐकू जात होतं. म्हणजे एरवी त्यांना आपल्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडावं लागतं.

आपल्याला लॉकडाऊन परत नकोय. पण दहा मिनिटं मिळू शकतात. या आठवड्यात एकदा सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी उठा. (रात्रभर जागेच असाल तर आणखी सोपं.) गच्चीवर, बाल्कनीत, हॉस्टेलच्या मागच्या गेटपाशी उभे राहा. सध्या दयाळ ऐन रंगात आहे. कोकीळ आहेच. 'टुक टुक टुक' असा एकसुरी ठोका ऐकू आला तर तो तांबट, हिरवा असल्यामुळे पानांत दिसणार नाही. पाऊस सुरू झाल्यावर लोणावळा, माथेरान, सिंहगडाच्या बाजूला गेलात आणि ओढ्याकाठी एखादा मुलगा रमतगमत शीळ घालतोय असं वाटलं, तर वळून बघू नका, तो शीळकरी कस्तुर असतो. मर्लिनसारखं ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगतं, जरूर वापरा. फक्त आधी दहा मिनिटं कानांनी ऐका, नाव नंतर.

आणि एक काम घरी करा. आजी, आजोबा, आत्या, जे कुणी असतील त्यांना फोन लावा आणि विचारा, तुमच्याकडे हा पक्षी काय म्हणतो? प्रत्येक गावात उत्तर वेगळं असतं आणि ते कुठल्याही ॲपमध्ये नाही. फोन रेकॉर्ड करून ठेवा. 'पेरते व्हा' मी आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं नाही. ते फक्त डोक्यात आहे.

मग घरात किंवा शेजारी जे सगळ्यात लहान पोर असेल, त्याच्या हातातला मोबाइल दोन मिनिटं बाजूला ठेवा, आणि पक्षी बोलायला लागला की त्याला एवढंच म्हणा, ऐक. बाकी काही समजावून सांगू नका. ते विचारेल, कोण बोलतंय? तेव्हा तुमच्या मनात येईल ते उत्तर द्या.